२२ की २४ की २७? मॉनिटर घ्यायला जाताना टेप, सातबारा अन् पेन ड्राइव्ह सोबत न्या

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. टिनाचं शेड, पश्चिमेकडं तोंड, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अन् समोर स्टुलावर बसलेला कास्तकार. गेल्या बारा वर्षात या टेबलावर तीन मॉनिटर झाले. पहिला चौकोनी १७ इंची, मग १८.५ चा वाईड, अन् आता २४ चा. मधला जो १८.५ चा होता तो मी काहीच न बघता घेतला होता, "भाऊ वाईड आहे, मोठा आहे" एवढ्यावर, अन् तो पुढं सहा वर्षं मला पुरला म्हणण्यापेक्षा त्यानं मला छळला. एका ताईचं आडनाव ठोंबरे, अर्जात गेलं ठोबरे. अनुस्वार उडाला. मला समोरून दिसला नाही अन् त्या बाजूला बसल्या होत्या, त्यांना तर बाजूनं स्क्रीनच काळी-निळी दिसत होती. अर्ज परत आला, त्यांच्या यवतमाळच्या दोन चकरा झाल्या, अन् चूक माझी होती.

तेव्हापासून कोणी पोट्टा विचारायला आला की "काका, कोणता मॉनिटर घेऊ" तर मी कंपनीचं नाव सांगत नाही, आधी विचारतो तुला त्यावर वाचायचं काय आहे अन् तुझ्या घरी लाइन कशी असते. तेच इथं लिहून राहिलो. गेमवाल्यांसाठी नाही हे, दुकान, पतसंस्था, शाळा, घरचा अभ्यास, फोटो स्टुडिओ अशा कामासाठी आहे.

पहिलं काम, टेप काढा

इंच जो सांगतात तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा तिरपा असतो. अन् इथंच सगळे फसतात, मीही फसलो. जुना १७ इंची चौकोनी मॉनिटर म्हणजे रुंदी साधारण ३४ सेंटीमीटर अन् उंची २७. त्याच्या जागी १८.५ चा वाईड आणला, आकडा वाढला म्हणून खूश झालो, पण त्याची रुंदी ४१ अन् उंची फक्त २३. म्हणजे पैसे देऊन चार सेंटीमीटर उंची घालवली! वाईड म्हणजे १६:९, सिनेमाचा आकार. आपला कागद मात्र उभा असतो.

म्हणून मी कागदानंच मोजतो. ए४ कागद २१ बाय २९.७ सेंटीमीटर. आता बघा, २१.५ इंची मॉनिटरची (दुकानात याला २२ म्हणतात) उंची २६.८, म्हणजे ए४ पूर्ण मापात बसत नाही, छोटा करावाच लागतो. २३.८ इंचीची (याला २४ म्हणतात) उंची २९.६ अन् रुंदी ५२.७. म्हणजे फुल स्क्रीन केलं की ए४ कागद जवळजवळ जसाच्या तसा, एक मिलिमीटर इकडंतिकडं, अन् दोन उभे कागद बाजूबाजूला ठेवले तरी दहा सेंटीमीटर उरतात. एकीकडं सातबारा उघडा अन् दुसरीकडं फॉर्म, गट नंबर बघून बघून टाईप करा, प्रिंट काढायची गरज नाही. माझं महिन्याचं कागदाचं एक रिम यानंच वाचते.

२७ इंचीची रुंदी जवळपास ६० अन् उंची साडेतेहतीस. जागा भरपूर, पण त्यासाठी टेबल खोल पाहिजे. डोळा अन् स्क्रीन यात हातभर अंतर हवं, साधारण ५० ते ७० सेंटीमीटर. आपल्याकडं ते जे सनमायकाचं कॉम्प्युटर टेबल मिळते, कीबोर्डचा ड्रॉवरवालं, ते दीड फूट खोल असते, त्यावर २७ ठेवला की नाकाला लागते अन् एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं मान फिरवावी लागते. तर घरून निघण्याआधी टेबलाची खोली, रुंदी अन् वर फळी असेल तर तिची उंची मोजून कागदावर लिहा. फळी विसरू नका, माझ्या एका दोस्तानं २७ चा आणला अन् फळी कापायला सुतार बोलवावा लागला.

२९ इंची अल्ट्रावाईड म्हणून पण एक प्रकार असतो, २१:९ चा, लांबलचक पट्टी. आकडा २९ पण उंची २८ च्या जवळपास, म्हणजे २४ पेक्षाही कमी. मोठ्या एक्सेल शीटवाल्याला ठीक, आपल्याला काही कामाचा नाही.

मग ठिपके बघा

स्क्रीन म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी, त्यांना पिक्सेल म्हणतात. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० अन् उभे १०८०. गंमत अशी की २२ असो, २४ असो की २७ असो, फुल एचडी असेल तर ठिपके तेवढेच, फक्त मोठ्या स्क्रीनवर ते पसरतात. २१.५ वर एका इंचात १०२ ठिपके बसतात, २३.८ वर ९३ च्या आसपास, अन् २७ वर फक्त ८२. इंग्रजी अक्षराला ८२ चालून जाते. देवनागरीला नाही चालत बाप्पा, आपल्या अक्षरावर वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, अन् मधात जोडाक्षरं. 'द्ध' अन् 'द्व' मधला फरक, 'ठोंबरे' वरचा टिंब, हे सगळं दोनतीन ठिपक्यांत मावते. ठिपका मोठा झाला की अक्षर मोठं होते खरं, पण गिचमिड होते, कडा दातऱ्या दिसतात.

म्हणून माझा हिशोब सरळ आहे. फुल एचडी घ्यायचा तर २४ च्या वर जाऊ नका. २७ च पाहिजे असेल तर २५६०×१४४० वाला घ्या, त्यात इंचाला १०९ ठिपके येतात, अक्षर छान येते, पण तो महाग पडतो अन् जुन्या कॉम्प्युटरच्या एचडीएमआयवर तेवढं रिझोल्यूशन बरेचदा मिळतच नाही. ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढं आहे अन् चष्मा लागला आहे त्यांना २७ फुल एचडीची मोठी अक्षरं बरी वाटतात, हे मी पाह्यलं आहे, तर त्यांनी स्वतः बसून बघावं अन् ठरवावं. १६:१० चा १९२०×१२०० वाला कुठं मिळाला तर सोडू नका, ठिपक्यांच्या १२० ओळी जास्त मिळतात, लिहिण्याच्या कामाला तो सगळ्यात भारी. पण तालुक्याच्या दुकानात तो दिसत नाही, मागवावा लागते.

टीव्ही लावू काय, हा प्रश्न हमखास येते. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीला ठिपके फक्त १३६६×७६८, म्हणजे इंचाला ४९. त्यावर सातबारा वाचायचा म्हणजे धुक्यात म्हैस शोधायची. शिवाय बऱ्याच टीव्हीत स्क्रीनच्या कडा कापल्या जातात, खालचा टास्कबार अर्धा गायब. सिनेमा बघा त्यावर.

पॅनल, म्हणजे बाजूनं बसलेल्याला काय दिसते

खोक्यावर टीएन, व्हीए, आयपीएस यातलं काहीतरी लिहिलेलं असते, हे पॅनलचे म्हणजे स्क्रीनच्या काचेचे प्रकार. टीएन सगळ्यात स्वस्त, समोरून ठीक, बाजूनं रंग उलटे, खालून बघितलं तर काळं. माझा १८.५ वाला हाच होता. व्हीए मध्ये काळा रंग खरा काळा दिसतो (कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, ३०००:१ च्या आसपास, आयपीएसचा १०००:१), अंधारात सिनेमा बघायला चांगला, पण बाजूनं थोडा फिका पडतो अन् काळ्या स्क्रीनवर अक्षर भराभर सरकवलं की मागं सावली ओढल्यासारखी दिसते. आयपीएस कोणत्याही बाजूनं सारखाच.

दुकानवाल्यानं डोळे झाकून आयपीएस घ्यावा. माझ्याकडं काकाजी स्टुलावर बाजूला बसतात, मी स्क्रीन थोडी वळवतो अन् म्हणतो, "काकाजी, नाव वाचून घ्या, बरोबर आहे का." आता त्यांना दिसते. चुका लय कमी झाल्या, खरं सांगतो, फॉर्म भरणाऱ्याचे डोळे दोन अन् ज्याचं नाव आहे त्याचे दोन, चार डोळ्यांनी वाचलेला फॉर्म सहसा परत येत नाही. वाकडा, म्हणजे कर्व्हड मॉनिटर याच कारणानं घेऊ नका, मधात बसणाऱ्यालाच तो बरा दिसतो.

खोक्यावर 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट १० कोटीला एक' असं लिहिलं असेल तर वाचून सोडून द्या. '१ एमएस', म्हणजे ठिपका किती लवकर रंग बदलतो ते, पण आपल्या कामाचं नाही. एचडीआर, म्हणजे जास्त उजळ-गडद चित्र, असं लिहिलेलं असते, पण २५० निटच्या (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) स्क्रीनवर तो नुसता स्टिकर आहे, व्हेसा या मॉनिटरचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या डिस्प्लेएचडीआर शिक्क्याच्या सगळ्यात खालच्या पायरीला पण ४०० निट लागतात. ७५ किंवा १०० हर्ट्झ (सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र बदलते) असेल तर पान सरकवताना गुळगुळीत वाटते, मिळालं तर घ्या, त्यासाठी हजार रुपये जास्त देऊ नका. फोटो स्टुडिओ अन् फ्लेक्सवाल्यांनी मात्र रंगाचा आकडा बघावाच. '९९ टक्के एसआरजीबी' किंवा '७२ टक्के एनटीएससी' चांगलं, '४५ टक्के एनटीएससी' असेल तर नवरीचा शालू स्क्रीनवर विटलेला दिसेल अन् तुम्ही फोटोशॉपमध्ये रंग चढवत बसाल, मग छापून येईल भडक.

ऊन, लाइन अन् धूळ

हे कुठल्याच जाहिरातीत नसते अन् आपल्याकडं मॉनिटर यानंच मरतात.

आधी उजेड. चकचकीत काचेसारखी स्क्रीन घेऊ नका, मॅट म्हणजे अँटी-ग्लेअर घ्या. चकचकीतमध्ये उघडं शटर, रस्ता अन् जाणारी बैलगाडी सगळं दिसते, फॉर्म सोडून. २५० निट उजेड बंद खोलीत पुरते, उघड्या दुकानात ३०० असेल तर बरं. पण त्याहून मोठा फरक जागेनं पडतो. दार तुमच्या पाठीशी असलं तर उजेड स्क्रीनवर पडते, दार समोर असलं तर डोळ्यात जाते. दार बाजूला येईल असं टेबल फिरवा. मी टेबल फिरवलं तर संध्याकाळी ४ नंतर लावायचं ते गोणपाट काढून टाकता आलं.

मग लाइन. हरभरा-गव्हाच्या ओलिताचे पंप सुरू झाले की आमच्याकडं व्होल्टेज १६०-१७० वर येते. बहुतेक मॉनिटर किंवा त्यांचा ॲडॉप्टर १००-२४० व्होल्टचा असतो, मागच्या स्टिकरवर वाचा, म्हणजे कमी व्होल्टेजवर तो तग धरते. मारते ते जास्त व्होल्टेज. डीपीवर न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी चारशेच्या जवळपास येऊ शकते, अन् ती साधी स्पाइक गार्डची पट्टी तिथं काहीच करत नाही, ती फक्त क्षणाच्या झटक्यासाठी असते. हाय-कट असलेला, म्हणजे व्होल्टेज जास्त झालं की लाइन तोडणारा स्टॅबिलायझर लावा, अन् त्याच्यापुढं यूपीएस. २४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० ते २५ वॉट खातो, जुना ट्यूबवाला १७ इंची ७०-८० खायचा, त्यामुळं त्याच ६०० व्हीएच्या यूपीएसवर आता जास्त वेळ मिळते, चालू असलेला अर्ज सबमिट होतो एवढा तरी नक्की. इन्व्हर्टरवर चालवायचा तर साइन वेव्हचा, स्क्वेअर वेव्हवर ॲडॉप्टर गुणगुणतो अन् तापतो. ॲडॉप्टर बाहेर असलेला मॉनिटर मी मुद्दाम घेतला, जळाला तर ॲडॉप्टर बदलता येतो, आतलं पॉवर सप्लायचं कार्ड जळलं तर दुरुस्तीवाला शोधत हिंडा.

मृगाच्या आधीच्या वादळात वीज चमकायला लागली की नुसतं बटन बंद करून भागत नाही, प्लग उपसा, अन् छतावरून येणारी सीसीटीव्हीची, डिशची तार पण काढा. वीज तारेनं येते, कोणत्या तारेनं ते तिला फरक पडत नाही.

अन् उन्हाळा. मॉनिटरच्या पुस्तकात चालवायचं तापमान बहुधा ० ते ४० डिग्री लिहिलेलं असते. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४५, टिनाच्या खाली तर बोलूच नका. मग आपण कूलर लावतो, अन् नेमका त्याचा ओला झोत मॉनिटरच्या पाठीवर. तसं करू नका, पाठीच्या जाळीतून ओल आत जाते, अन् सोयाबीनच्या मळणीचा भुसा तिथंच बसलेला असतो, दोन्ही मिळून चिखल. कूलरचा झोत माणसावर ठेवा. मागं चार बोटं जागा सोडा. मॉनिटर बंद करून दुकानाला कुलूप लावताना वरून सुती कपडा टाका, चालू असताना नाही.

पाठीमागचं बघितल्याशिवाय घर सोडू नका

तुमच्या सीपीयूच्या मागचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्या. निळं, तीन ओळींचं १५ छिद्रांचं ते व्हीजीए. पांढरं मोठं ते डीव्हीआय. चपटं ते एचडीएमआय. एक कोपरा कापलेलं ते डिस्प्ले पोर्ट. आता बऱ्याच नव्या मॉनिटरला व्हीजीए येत नाही, अन् आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डब्यांना व्हीजीएच असते. तुमच्याकडं डीव्हीआय असेल तर नशीब, डीव्हीआय ते एचडीएमआय साधी केबल मिळते, अक्षर एकदम स्वच्छ, फक्त आवाज बरेचदा येत नाही. व्हीजीएच असेल तर एकतर व्हीजीएवाला मॉनिटर बघा किंवा व्हीजीए ते एचडीएमआय कन्व्हर्टर घ्या, यूएसबीतून करंट घेणारा. व्हीजीएवर १९२०×१०८० चालते पण अक्षराच्या कडा मऊ पडतात, केबल लांब अन् स्वस्त असेल तर अक्षराला जुळी सावली येते.

स्टँड बघा. स्वस्तात नुसता पुढंमागं झुकणारा येतो. उंची कमी-जास्त होणारा महाग पडतो, डेलच्या पी सीरिजसारख्या ऑफिसच्या मॉडेलला तो येतो. स्क्रीनची वरची कड डोळ्याच्या रेषेत किंवा थोडी खाली यायला पाहिजे. मी खाली ए४ ची दोन न फोडलेली रिमं ठेवतो, दहा सेंटीमीटर उंची मिळते. फक्त दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी कागद संपतो, रिम फोडावी लागते अन् मॉनिटर खाली येतो. मागं चार स्क्रूची भोकं, ७५ किंवा १०० मिलिमीटरची, ती असतील तर पुढं भिंतीला लावता येते, बघून घ्या.

दुकानात बसून हे करा

यवतमाळ, अमरावती किंवा नागपूरला सीताबर्डीकडं गेले तर घाई करू नका, सकाळची एसटी पकडा. पेन ड्राइव्हवर हे न्या: एक खरा सातबारा पीडीएफ, एक वर्डची फाइल ज्यात मंगल किंवा निर्मला फाँटमध्ये ९ साइजनं 'ठोंबरे, गोंधळी, बुद्धिमत्ता, द्वारका, वऱ्हाड, कर्त्यांनी' असलं काहीतरी लिहिलेलं, अन् पेंटमध्ये बनवलेली पाच चित्रं, पूर्ण लाल, हिरवं, निळं, पांढरं, काळं. दुकानदार मोठ्या आवाजात रंगीत मासोळ्यांचा व्हिडिओ लावून दाखवते, तो बंद करायला सांगा. मासोळी कोणत्याही मॉनिटरवर छानच दिसते.

पाच रंगांवर मेलेला ठिपका दिसतो का बघा, हे नंतर नाही तर विकत घ्यायच्या आधी, कारण एकदोन ठिपके मेलेले असले तर बहुतेक कंपन्या बदलून देत नाहीत, त्यांच्या नियमात ते बसते. काळ्यावर कडेनं उजेड गळतो का बघा, थोडा सगळ्यात असतो. मग ब्राइटनेस अर्ध्यावर आणा अन् मोबाइलचा कॅमेरा धरा, जाड पट्टे सरकताना दिसले तर तो लुकलुकणारा आहे, दिवसभर बसणाऱ्याचं डोकं दुखेल, 'फ्लिकर-फ्री' मागा. मग उठा, बाजूच्या खुर्चीवर जा अन् तिथून आडनावं वाचा.

बिल पक्कं, त्यावर सिरीयल नंबर. ३२ इंचापर्यंतच्या मॉनिटरवर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के जीएसटी आहे, कोणी २८ चा हिशोब सांगितला तर थांबवा. मागं बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) शिक्का अन् 'आर' नं सुरू होणारा नोंदणी नंबर पाहिजे. वॉरंटी बहुधा तीन वर्षं असते, पण विचारायचं ते वेगळं, माणूस घरी येते का आपण न्यायचा, अन् न्यायचा तर कोणत्या गावी. माझा एकदा तीन आठवडे सर्व्हिस सेंटरला पडून होता. वीस रुपयाच्या केबलचं काम होतं म्हणे.

ऑनलाइन घेतलं तर स्वस्त पडते, पण आधी पिनकोड टाकून बघा, अन् खोकं उघडताना न थांबता व्हिडिओ काढा, वरची चिकटपट्टी फाडण्यापासून स्क्रीन चालू होईपर्यंत. आणताना एसटीत असो की दुचाकीवर, खोकं उभंच, स्क्रीन आडवी झोपवून वर पिशवी ठेवली की काच गेली समजा.

घरी आल्यावर

रिझोल्यूशन १९२०×१०८० वर न्या, तो पर्यायच दिसत नसेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलेला नाही. स्केलिंग (विंडोजमधलं अक्षर-चित्र मोठं करायचं सेटिंग) १०० टक्के ठेवा, अक्षर बारीक वाटलं तर १२५ करा, रिझोल्यूशन कमी करून अक्षर मोठं करू नका, सगळं पुसट होते. मग विंडोजमध्ये क्लिअरटाइप (अक्षराच्या कडा साफ करायचं सेटिंग) शोधून ती पाच पानं पूर्ण करा, देवनागरीला याचा सगळ्यात जास्त फायदा होते अन् कोणीच करत नाही. व्हीजीए असेल तर मॉनिटरवरचं ऑटोचं बटन दाबा. शार्पनेस आहे तिथंच राहू द्या.

ब्राइटनेससाठी कोरा कागद स्क्रीनच्या बाजूला धरा, स्क्रीन कागदाइतकीच पांढरी दिसेपर्यंत कमी करा. कारखान्यातून तो बहुधा जास्तच येतो. दुपारी अन् रात्री वेगळा लागेल.

पुसायला मऊ कोरडा मायक्रोफायबर, लागलंच तर थेंबभर पाणी कपड्यावर घेऊन. काच पुसायचं निळं पाणी, स्पिरिट नको, मॅटचा थर जाते.

जुना मॉनिटर भंगारात देऊ नका. माझा तो १८.५ चा मी गिऱ्हाइकाकडं तोंड करून लावला, समोरून बघितलं तर तो ठीकच आहे, दोन्हीवर एकच स्क्रीन दिसते, अन् काकाजी आता मान न वाकवता आपलं नाव वाचतात. खोकं अन् थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा, पण उंदरांपासून जपून, माझं अर्धं थर्माकोल गेलं अन् सर्व्हिस सेंटरला मॉनिटर गोधडीत गुंडाळून न्यावा लागला.